पेगी मिचेल आणि तिचे दोन मुलगे
ब्रिटनच्या ईस्टएंडर्स मालिकेतली पेगी मिचेल मला अजून विसरता येत नाही. क्वीन व्हिक पबची मालकीण, उंचीने एवढीशी पण आवाज असा की फिल आणि ग्रँट हे तिचे दांडगे पोरगे तिच्यासमोर गप्प उभे राहायचे. तिला ब्रेस्ट कॅन्सर पहिल्यांदा झाला तो १९९६ मध्ये, मग १९९९ ला परत आला आणि एक स्तन काढावा लागला, आणि हे सगळं कुटुंब बघतात त्या वेळेला टीव्हीवर दाखवलं, ही माझ्या मते फार मोठी गोष्ट होती.

२०१६ मध्ये कॅन्सर पुन्हा आला तेव्हा मात्र बरं होण्यासारखं काही उरलं नव्हतं. ग्रँट आईला भेटायला परत येतो, फिल स्वतःच दारूने लिव्हर खराब करून बसलेला, आईला द्यायला दोघांकडेही शब्द नाहीत. त्या शेवटच्या रात्री पेगी आरशासमोर बसून नीट मेकअप करते, तो सीन बघताना माझा तर घसाच दाटून आला. मृत्यू ती स्वतःच जवळ करते, ते मला पटलं नाही, अजूनही पटत नाही, पण तिची थकावट मात्र खरी वाटली.

आणि पेगीची भूमिका करणाऱ्या बार्बरा विंडसर! हे शूटिंग केलं तेव्हा त्यांना स्वतःला अल्झायमर्सचं निदान झालेलं होतं, २०१४ मध्येच, लोकांना कळलं ते २०१८ ला. तरी काय काम केलंय बाईंनी.