लहान मेंदूवर दोन मिलिॲम्पिअर

लहान मेंदू बिघडला की हातापायांतली ताकद जात नाही, अंदाज जातो. पेला उचलायला निघालेला हात पेल्याच्या पलीकडे पोचतो, पाय फाकवून चालावं लागतं, बोलताना अक्षरं तुटतात. स्पायनोसेरेबेलर ॲटॅक्सिया हा लहान मेंदू हळूहळू झिजवणारा आनुवंशिक आजार; त्याच्या बहुतेक प्रकारांत आजार थांबवणारं औषध नाही. म्हणून टीडीसीएसकडे, म्हणजे डोक्याबाहेरून सौम्य एकदिश विद्युतप्रवाह देण्याकडे, लोक आशेने पाहतात.

लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशी आतल्या डेंटेट केंद्रावर (लहान मेंदूतून संदेश बाहेर पाठवणाऱ्या पेशींच्या गठ्ठ्यावर) सतत लगाम ठेवतात. तिथून संदेश थॅलॅमस या मधल्या थांब्यामार्गे मोठ्या मेंदूच्या हालचाली चालवणाऱ्या पृष्ठभागाकडे, कॉर्टेक्सकडे, जातो. ॲटॅक्सियात हा लगाम ढिला पडतो, आणि धन इलेक्ट्रोड लहान मेंदूवर ठेवला तर तो थोडा आवळला जातो, अशी कल्पना.

नेहमीचा डोस: २ मिलिॲम्पिअर, २० मिनिटं, आठवड्यातले ५ दिवस, २ आठवडे. धन इलेक्ट्रोडचा स्पंज ७ × ५ सेंमी, म्हणजे दर चौरस सेंमीला जेमतेम ०.०६ मिलिॲम्पिअर. मानेच्या मागून मधोमध बोट वर नेत गेलं की कवटीचा पहिला हाडाचा उंचवटा लागतो, तो इनियन. स्पंज त्याच्या २ सेंमी खाली. काहींचा उंचवटा इतका पुसट असतो की घाईत खूण चुकते आणि मग लहान मेंदूऐवजी दृष्टीच्या भागावर प्रवाह जातो. ऋण इलेक्ट्रोड उजव्या खांद्याच्या स्नायूवर, किंवा पाठीच्या कण्यावर, बरगड्यांच्या शेवटाजवळ.

खरी डोकेदुखी केसांची. आदल्या दिवशी डोकं धुतलेलं हवं. खोबरेल तेल असेल तर विजेला होणारा विरोध वाढतो. केस भांग पाडून बाजूला करायचे, स्पंज त्वचेला टेकला पाहिजे. सलाईन इतकंच, की स्पंज ओला असेल पण गळणार नाही. गळालं तर प्रवाह मानेवर पसरतो. कमी पडलं तर स्पंज वाळतो, विरोध चढतो आणि त्वचा भाजते. कवटीचा मागचा भाग उतरता असल्याने पट्टा वर सरकतो, म्हणून तो कपाळावरून आडवा घट्ट बांधायचा. रुग्णाला खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकू देऊ नका. स्पंज पिळला जातो आणि हलतोही.

प्रवाह ३० सेकंदांत हळूहळू चढवायचा. सुरुवातीला सगळीकडे मुंग्या येणं, खाजणं चालतं. एकाच ठिकाणी टोचल्यासारखं जळत असेल तर बंद करून त्वचा पाहा. डोक्यात धातू, पेसमेकर, फिट्सचा इतिहास किंवा जखम असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवातच नको. ९ व्होल्टच्या बॅटरीचा घरगुती जुगाड हा निव्वळ वेडेपणा.

फायदा होतो का? इटलीतल्या ब्रेशियाच्या गटाने २०१५ मध्ये १९ रुग्णांना एकच सत्र देऊन सुधारणा दाखवली; २०२१ मध्ये ६१ रुग्णांवर मणक्यासह दिलेल्या प्रवाहाचे निकालही चांगले आले. नेदरलँड्समध्ये मात्र एससीए-३ च्या, म्हणजे याच आजाराच्या तिसऱ्या प्रकाराच्या, २० रुग्णांना १० सत्रं देऊन २०२२ मध्ये खोट्या उपचारापेक्षा फरक दिसला नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. लहान मेंदू आक्रसला की कवटीखाली पाण्याची पोकळी वाढते, आणि हे पाणी मेंदूपेक्षा वीज सहज वाहून नेतं. शिवाय लहान मेंदूच्या घड्या इतक्या दाट, की प्रवाहाची दिशा पेशीगणिक बदलते.

चुंबकीय पर्याय, टीएमएस, खोलवर पोचतो, पण त्याला कोनात जोडलेली दुहेरी कॉइल लागते आणि दर ठोक्याला मानेचे स्नायू आखडतात. अनेकांना ते सोसत नाही.

करायचंच ठरलं तर फिजिओथेरपी सोडू नका. तोल आणि चालण्याचा सराव याच्या जोडीने हवा. मोजमापही नीट ठेवा: ॲटॅक्सियाचा त्रास मोजणारी ४० गुणांची सारा पट्टी (गुण जितके जास्त तितका त्रास जास्त), ८ मीटर चालण्याचा वेळ आणि व्हिडिओ. दर वेळी तीच वेळ, तीच चप्पल, तीच फरशी. सकाळी ताज्या अंगाने काढलेला आकडा संध्याकाळच्या थकलेल्या आकड्याशेजारी ठेवला, तर यंत्र न लावताही सुधारणा दिसते.