तुम्ही विचारलंत म्हणून : झोपेत अंथरूण ओले होते तेव्हा

‘डॉक्टर, आठ वर्षांचा झाला तरी रात्री अंथरूण ओले करतो. मुद्दाम करतो का हा?’ बालरोगतज्ज्ञ म्हणून हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि तोही बहुधा निघता निघता, दाराशी थांबून, आवाज खाली आणून. ज्याच्याविषयी तो विचारलेला असतो ते मूल तेव्हा मान खाली घालून चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत असते. म्हणून उत्तराची सुरुवात मी त्याला ऐकू जाईल अशी करतो : कोणतेही मूल झोपेत मुद्दाम लघवी करत नाही.

पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत याला दोष मानण्याचे कारणच नाही. पाच वर्षांच्या सुमारे १५ टक्के मुलांना हा त्रास असतो आणि पुढे दरवर्षी त्यांपैकी साधारण १५ टक्के मुलांचा तो औषधाविना थांबतो. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूतून स्रवणारे व्हॅसोप्रेसिन काही मुलांत पुरेसे वाढत नाही, काहींचे मूत्राशय थोडे भरले तरी आकुंचन पावते, आणि या दोन्ही प्रकारच्या मुलांना मूत्राशय भरल्याची जाणीव झोपेतून उठवू शकत नाही. प्रवृत्ती बरीचशी घराण्यातून येते. आईवडिलांना लहानपणी असे होत असे का, हे मी विचारतो तेव्हा वडील गप्प राहतात आणि सोबत आलेली आजी सांगून टाकते, ‘ह्याचंही सहावीपर्यंत असंच होतं.’ त्या एका वाक्याने मुलाचा चेहरा जितका उजळतो तितका माझ्या कोणत्याही औषधाने उजळलेला मी पाहिलेला नाही.

यानंतर मी ज्याची चौकशी करतो त्याचे पालकांना नवल वाटते, ती म्हणजे शौचाची. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात कडक मळ साठून राहिला की तो शेजारच्या मूत्राशयावर दाबतो, त्याची जागा कमी करतो आणि त्याला अवेळी आकुंचन पावायला लावतो. मूल रोज संडासला जाते एवढ्याने बद्धकोष्ठ नाही असे ठरत नाही; मळ खड्यांसारखा आहे का, कुंथावे लागते का, चड्डीला डाग लागतात का, हे विचारावे लागते. याला जोडूनच पाण्याचा प्रश्न येतो. शाळेतले स्वच्छतागृह घाण असल्यामुळे अनेक मुले, विशेषतः मुली, दिवसभर लघवी दाबून ठेवतात, पाण्याची बाटली जशीच्या तशी परत आणतात आणि संध्याकाळी घरी येऊन ढसाढसा पाणी पितात. अशा मुलाचे रात्रीचे पाणी तोडण्यापेक्षा दिवसाचे वाढवावे, दर दोन-तीन तासांनी लघवीला पाठवावे आणि पोट साफ राहील असे पाहावे. पुष्कळांना एवढ्यानेही चांगला फरक पडतो.

मात्र सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले तर त्याला तपासावेच लागते. त्यात त्याला सारखी तहान लागत असेल आणि वजन उतरत असेल, तर रक्तातील साखर त्याच दिवशी तपासून घ्यावी, कारण लहान मुलांतील मधुमेह पुष्कळदा असाच प्रथम दिसतो. लघवीची जळजळ, मोठे घोरणे, घरातले भांडण किंवा शाळेतला छळ ही कारणेही शोधावी लागतात.

उपचारांत टिकाऊ गुण येतो तो अलार्मने. चड्डीला लावलेल्या संवेदकाला पहिला थेंब लागताच घंटा वाजते. पहिले काही आठवडे घंटेने सारे घर जागे होते आणि मूल मात्र झोपलेले असते. तेव्हा आईने किंवा वडिलांनी त्याला पूर्ण जागे करून शौचालयापर्यंत चालवत न्यायचे असते. दोन-तीन महिने चिकाटी धरली तर सुमारे दोन-तृतीयांश मुले कोरडी होतात. डेस्मोप्रेसिनची गोळी रात्रीपुरती लघवी कमी करते, म्हणून सहलीला किंवा मामाकडे जाताना ती फार उपयोगी पडते. पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावी आणि घेण्याच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी अगदी कमी ठेवावे, नाहीतर रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घरगुती उपाय म्हणून काळे तीळ आणि गूळ द्यायचे असतील तर खुशाल द्या. चटक्याची धमकी, उपाशी ठेवणे, ओली गादी सर्वांदेखत उन्हात टाकायला लावणे, हे मात्र आजच थांबवा, कारण त्याने अंथरूण कोरडे होत नाही आणि मूल रात्रीला भिऊ लागते.

मोठ्यांपैकीही सुमारे एक-दोन टक्के लोकांना हा त्रास असतो आणि ते तो वर्षानुवर्षे लपवतात; काही जण थेट लग्न ठरल्यावर येतात. लहानपणापासूनचाच त्रास असेल तर अलार्म आणि डेस्मोप्रेसिन त्यांनाही लागू पडतात, फक्त वय जास्त असेल तर गोळीसोबत सोडियमची तपासणी अधिक काटेकोरपणे करावी लागते. मोठेपणी नव्याने सुरू झाला असेल तर मधुमेह, झोपेत श्वास अडकणे, मद्य, झोपेची औषधे आणि मज्जारज्जूचे विकार यांचा विचार करावा. साठीच्या पुढच्या पुरुषाचे अंथरूण ओले होऊ लागले आणि लघवीची धारही बारीक झाली असेल, तर प्रोस्टेटमुळे मूत्राशय रिकामे न होता तुडुंब भरून गळत असण्याची शक्यता असते. त्यात मूत्रपिंडांना इजा होते, म्हणून अशा वडीलधाऱ्यांना डायपर आणून देण्याआधी सोनोग्राफी करून घ्यावी.