लाइफ कुठे लिहून ठेवलेली असते?

"काकू, हे व्हिडिओ गेमचे कोड तुम्ही कुठून आणता?" आमच्या बिल्डिंगमधली मुलं जिन्यात अडवून विचारतात. ऑफिसातले विचारतात तेव्हा पाठोपाठ दुसरा प्रश्नही येतो, "पण ही चिटिंग नाही का?" दर वेळी घाईत अर्धवट काहीतरी सांगून सुटते. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

कोड कुठून आणत नाही. शोधते.

आधी एक गोंधळ दूर करते. लालबागच्या चाळीत आम्ही वाढलो तेव्हा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम मजल्यावर एकाच घरात होता. कॅसेट फुंकून लावायची आणि कॉन्ट्रा सुरू व्हायच्या आत कुणीतरी घाईघाईने बटणं दाबायचं: वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा, बी, ए. की तीसच्या तीस लाइफ, म्हणजे मेल्यावर पुन्हा खेळायच्या संधी. हा कोड गेम बनवणाऱ्यांनीच आत ठेवलेला होता. १९८६ साली ग्रेडियस हा गेम घरच्या मशीनवर आणताना काझुहिसा हाशिमोतो यांना तो तपासायला फार अवघड जात होता, म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी तो घातला आणि तो आतच राहून गेला. तो दरवाजा घरमालकानेच केलेला. मी करते ते वेगळं. मशीन खेळताना जे लक्षात ठेवतं, ते मी वाचते आणि त्यातली एखादी नोंद बदलते.

चाळीच्या जिन्याखाली पत्रांच्या लाकडी पेट्या असायच्या, तशा पेट्यांची रांग डोळ्यांसमोर आणा. ज्या मशीनवर १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स चालायचा, त्यात अशा २०४८ पेट्या. प्रत्येकीत ० ते २५५ मधला एकच आकडा मावतो. मारिओ कुठे उभा आहे, नाणी किती, कासव कुठल्या दिशेने चाललंय, सगळं ह्या पेट्यांत. लाइफही. कुठल्या पेटीत, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

आता कॉम्प्युटरवर इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, जुना गेम चालवता येतो आणि त्यात ह्या पेट्या उघडून बघायची सोय असते. पडद्यावर तीन लाइफ दिसतात, म्हणून मी आधी तीन आकडा असलेल्या पेट्या मागितल्या. मग मुद्दाम खड्ड्यात उडी मारली आणि त्यांपैकी दोन झालेल्या मागितल्या. एकही हाती लागली नाही. दोन संध्याकाळी ह्यात गेल्या. मग आकडा सोडून दिला आणि फक्त एवढंच विचारलं: मेल्यावर ज्या पेटीतला आकडा एकाने कमी झाला, आणि नुसतं चालल्यावर बदलला नाही, ती कुठली? चार वेळा मरून, मध्ये मध्ये चालून, शेवटी एकच उरली. पत्ता ०७५ए (ह्या पत्त्यांत ए ते एफ ही अक्षरंही आकडेच धरतात). पडद्यावर तीन असताना तिच्यात दोन होते. गेम चालू लाइफ धरत नाही, हातात उरलेल्याच मोजतो, आणि दाखवताना एक मिळवून दाखवतो. मुलांना मी हेच आधी सांगते की पडद्यावरचा आकडा आणि पेटीतला आकडा एकच असेल असं धरून चालू नका.

पेटी सापडली तेव्हा मी तिच्यात २५५ भरले आणि इम्युलेटरला तो आकडा धरून ठेवायला सांगितलं, म्हणजे सेकंदाला साठ वेळा तो पुन्हा पुन्हा तिथे लिहिला जाईल. मारिओ पहिल्याच कासवाला धडकला आणि गेम ओव्हर. कारण शोधताना जो आनंद झाला तो अजून आठवतो. मेल्यावर गेम लाइफ एकाने कमी करतो आणि उत्तर शून्याच्या खाली गेलं का ते पाहतो. ह्या तपासणीत १२८ पासून पुढचे सगळे आकडे शून्याखालचे धरले जातात. २५५ मधून एक गेला, २५४ उरले, म्हणजे गेमच्या हिशेबाने माणूस संपला. तिथे साधे नऊ ठेवले की काम भागतं.

बाबांसाठी केलेला कोड मात्र लाइफचा नव्हता.

बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. बोलणंही जड झालं. डॉक्टरांनी डाव्या हाताला काम द्या म्हटलं होतं. मी कीबोर्डवर चार बटणं त्यांच्या डाव्या बोटांखाली येतील अशी बसवली आणि मारिओ लावून दिला. ते मन लावून खेळायचे, पण वेळ पुरायचा नाही. पहिल्या पातळीला घड्याळात ४०० असतात आणि ते सेकंद नव्हेत. ४०० आकडे साधारण १६० सेकंदांत संपतात. एका हाताने, विचार करून उडी मारणाऱ्या माणसाला ते कुठे पुरणार?

म्हणून वेळ शोधायला घेतली. ४०० हा आकडा एका पेटीत मावणारच नाही, हे आता तुम्हालाही कळलं असेल. शतक, दशक आणि एकक अशा तीन वेगळ्या पेट्या निघाल्या. शतकाच्या पेटीत, ०७एफ८ मध्ये, चार धरून ठेवले. आता ४०० नंतर ३९९ न येता ४९९ यायचे आणि चक्र पुन्हा सुरू. बाबा सावकाश चालत, थांबत, पाइपावर उभे राहत झेंड्यापर्यंत पोहोचले. उडी मारून झेंडा उतरवला. आणि गेम तिथेच अडकला.

झेंड्यापाशी उरलेल्या वेळेचे गुण मिळतात, एका आकड्याला ५०. वेळ शून्यावर येईपर्यंत गेम गुण मोजत राहतो, मगच पुढची पातळी. माझ्या कोडमुळे वेळ शून्यावर येतच नव्हती. गुण धावत होते, टुर्रर्र आवाज थांबत नव्हता, मारिओ तिथेच. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, "फेरी... संपतच नाही."

त्या रात्री मी आकड्यांचा नाद सोडला आणि आकडा उतरवतं कोण ते शोधायला बसले. गेम एकेका चित्रागणिक थांबवत पुढे नेला. दर चित्राला एकाने कमी होणाऱ्या पेट्या बऱ्याच आहेत, पण मला हवी होती ती जी नेमकी वेळ उतरतानाच पुन्हा भरते. ती ०७८७ निघाली. तिच्यात २४ भरले जातात, ते शून्य झाले की घड्याळ एकाने उतरतं, पुन्हा २४. हा घड्याळाचा लंबक. तो २४ वर धरून ठेवला की चालताना वेळ हलत नाही, आणि झेंड्यापाशी गुण मोजताना गेम ह्या पेटीकडे बघतच नाही, त्यामुळे मोजणी नीट पूर्ण होते. कोड म्हणजे चार आकडी पत्ता आणि पुढे एक आकडा, एवढंच. पण चांगला आणि वाईट कोड ह्यांतला फरक मला त्या रात्री कळला. वाईट कोड एक गोष्ट धरतो आणि दुसरी मोडतो.

पुढच्या मशीनवर पद्धत हीच, पसारा मोठा. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनला २ एमबी मेमरी, म्हणजे वीस लाखांहून जास्त पेट्या. मागच्या खाचेत गेमशार्क नावाची डबी लावून कोड घालता यायचे. ८० ने सुरू होणारी ओळ म्हणजे 'ह्या पत्त्यावर हा आकडा ठेव', डी० ने सुरू होणारी म्हणजे 'तिथे हा आकडा असेल तरच पुढची ओळ पाळ'. ही 'तरच' वाली ओळ मला फार आवडते. बटण दाबलं तरच कोड चालू, असं तिच्यामुळे करता येतं. अमेरिकन डिस्कसाठी शोधलेला कोड त्याच गेमच्या जपानी डिस्कवर बहुतेक वेळा चालत नाही, कारण पत्ते सरकलेले असतात. वहीत उतरवून घेतलेले कोड चालले नाहीत म्हणून हिरमुसलेली मुलं मी पाहिली आहेत. कोड चुकीचे नव्हते, डिस्क दुसऱ्या देशाची होती.

आता चिटिंगचं. समोर दुसरा माणूस खेळत असेल, ऑनलाइन सामना असेल, तर ती फसवणूकच, आणि तिथे मी कुणाला कोड देत नाही, कितीही मागे लागला तरी. घरात एकट्याने खेळताना कुणाला फसवतोय आपण? हा वाद कोर्टातही गेला आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत गेम जिनी ह्या कोड घालायच्या उपकरणाविरुद्धचा, मारिओ बनवणाऱ्या निन्टेंडोचा दावा अपिलातही टिकला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयाने सोनी आणि असे कोड विकणारी डेटेल कंपनी यांच्या खटल्यात सांगितलं की मूळ प्रोग्रामला हात न लावता, गेम चालताना मेमरीत ठेवलेले आकडे तेवढे बदलले, तर तो त्या प्रोग्रामच्या कॉपीराइटचा भंग नाही. निकाल युरोपातला आहे, पण पेट्या आणि प्रोग्राम ह्यांतला फरक न्यायालयाने ओळखला ह्याचं मला समाधान वाटलं.

बाबा त्या पावसाळ्यात मारिओच्या चौथ्या जगापर्यंत, म्हणजे पातळ्यांच्या चौथ्या गटापर्यंत पोहोचले. गेम ओव्हर झाला की ए दाबून धरून स्टार्ट दाबायचं, म्हणजे त्याच जगापासून सुरू करता येतं, हेही त्यांना शिकवलं होतं. ०७५ए चा कोड मी तयारच ठेवला होता, लावू का म्हणून विचारलंही. त्यांनी डाव्या हाताची तीन बोटं वर केली, "तीन पुरेत" म्हणाले आणि पुन्हा पाइपावर चढले.