तुम्ही विचारलंत म्हणून: एका तासाचे आठशे डॉलर

युगांडातली, कंपालातली नोकरी सोडून कुडाळला परत आलो, त्याला आता वर्ष होईल. तिथे भाजी काय मिळायची, गणपती बसवायचात का, इदी अमीनच्या गोष्टी खऱ्या का, असे प्रश्न येतात आणि विरतात. एक मात्र दर बैठकीला हटकून येतो. कुणीतरी मोबाइलवर वाचलेलं असतं की युगांडात डोंगरी गोरिला बघायचं परमिट परदेशी माणसाला ८०० डॉलरला पडतं आणि बघायला मिळतो फक्त एक तास. मग माझ्याकडे वळून म्हणतात, "अहो, सत्तर हजार रुपये? त्यात आमचं अख्खं घर ताडोबा फिरून येईल!" मामेभावाने तर पुढचंही विचारलं, "आणि एवढं करून दिसला नाही तर?"

दिसतो हो. ट्रॅकर पहाटेच निघतात, आदल्या रात्रीची घरटी शोधून तिथून माग काढतात. दिसला नाही असं क्वचितच होतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला दिसला नाही, पण त्यात गोरिलाचा दोष नव्हता.

कंपालाहून ब्विंडी, म्हणजे गोरिलांचं राष्ट्रीय उद्यान, गाडीने नऊ-दहा तास. वाटेत विषुववृत्ताची रेघ, मग हातभर शिंगांची अंकोले गुरं, आणि कबालेनंतर डोंगरच डोंगर, पार माथ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची शेती केलेले. शेती जिथे संपते तिथेच जंगल सुरू होतं. मध्ये मोकळा पट्टा असा जवळपास नाहीच. एका पावलावर केळी, पुढच्या पावलावर अरण्य. हे अंतर, किंवा अंतर नसणं म्हणा, ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

ब्विंडीच्या काठावरच्या न्कुरिंगोला सकाळी सगळ्यांना बसवून रेंजरबाईंनी नियम सांगितले. एका कळपाकडे दिवसाला एकच तुकडी, आठ माणसांची. पंधरा वर्षांखालचं मूल नाही. तोंडाला मास्क. दहा मीटरच्या आत जायचं नाही. मी वाटेतल्या म्बरारा गावापासून शिंकत होतो. मास्कमध्ये खपून जाईल असं वाटलं होतं. बाईंनी दोन शिंका ऐकल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही थांबा." मी म्हटलं, साधी सर्दी आहे. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्यासाठी."

राग आला. दहा तास गाडी, महिन्याभराची बचत, आणि शिंकेवरून परत! परमिटच्या पैशांचं पुढे काय झालं ते विचारू नका, तो वेगळा लेख होईल. पण बाईंचं बरोबर होतं. आपली आणि गोरिलाची जनुकं साधारण ९८ टक्के सारखी. आपला खोकला त्यांना सहज लागतो, आणि आपल्यासारखी सवय त्यांच्या शरीराला नाही. १९९६ मध्ये ब्विंडीतल्या एका कळपाला खरूज झाली, अंगावरचे केस गेले, एक पिल्लू दगावलं. माग काढला तर तो काठावरच्या गावांपर्यंत पोचला. गावात खरूज होती आणि औषध नव्हतं. तिथल्या पशुवैद्य डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी तेव्हाच ओळखलं की गोरिलाला वाचवायचं तर आधी गावात दवाखाना हवा. पुढे २००३ मध्ये त्यांनी नेमकं तेच काम करणारी संस्था काढली. माणसाला औषध दिलं की गोरिलाची खरूज थांबते, हे ऐकायला सोपं आहे, पण त्या वेळी किती जणांना सुचलं असतं?

तर मी दिवसभर गावात. माझी बॅग उचलायला जो पोर्टर ठरला होता, त्याचाही दिवस माझ्यामुळे बुडणार होता. मी त्याची मजुरी दिली आणि दोघे चहाच्या मळ्याच्या बांधावर बसलो. (चहा तिथे मुद्दाम लावलाय. गोरिलाला चहाची पानं आवडत नाहीत, त्यामुळे ते मळा ओलांडून केळीत शिरायला कमी बघतात.) पन्नाशीचा माणूस. बोलता बोलता म्हणाला, मी पूर्वी जंगलात फास लावायचो. म्हटलं, दाखव.

त्याने माझ्या रेनकोटच्या टोपीतली दोरी ओढून काढली. एक हिरवी काठी जमिनीत रोवून वाकवली, शेंड्याला दोरी बांधली, दोरीचा सरकता फास मातीवर पसरला, खुंटीचा चाप बसवला, वर चार पानं टाकली. दोन मिनिटांत झालं. मला म्हणाला, बोट लाव. लावलं. काठी सटकन सरळ झाली आणि बोट आवळलं गेलं. ओढलं तसं आणखी आवळलं.

मी हसलो, पण पोटात काहीतरी हललं. कारण ही आमची फासकी! आमच्याकडे मोटारसायकलच्या क्लचची तार वापरतात एवढाच फरक. रानडुकरासाठी लावतात आणि सापडतो बिबट्या. दर थोड्या महिन्यांनी पेपरात बातमी असते. माझे काका असताना कुणी फासकीबद्दल टोकलं की म्हणायचे, "डुकरांनी भात खाल्ल्यानी तर आमी काय खाऊचा?" त्या माणसानेही जवळजवळ तेच सांगितलं. फास डायकरसाठी, म्हणजे आपल्या भेकरासारखं बारकं हरीण असतं त्यासाठी, नाहीतर रानडुकरासाठी. गोरिला त्याला नकोच होता. तिथे गोरिला कुणी खात नाही.

पण फासाला ते कळत नाही. मोठा नर हिसडा मारून काठी उपटतो, पण दोरी मनगटात राहते आणि रुतत जाते. पिल्लाला उपटताही येत नाही. मग पशुवैद्यांना बेशुद्धीची सुई मारून ती कापावी लागते. उशीर झाला तर हात जातो, कधी जीव.

२०२० चं उदाहरण तर त्याच न्कुरिंगोचं. लॉकडाऊन लागला, पाहुणे बंद झाले, पोर्टरची मजुरी बंद झाली, हॉटेलात भाजी घेणारं कुणी उरलं नाही. जूनमध्ये तिथल्या कळपाचा म्होरक्या, राफिकी नावाचा सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठीवर रुपेरी केस आलेला नर, भाल्याने मारलेला सापडला. मारणाऱ्याने सांगितलं की मी बारीकसारीक शिकारीला गेलो होतो, तो अंगावर आला. कोर्टाने त्याला ११ वर्षं दिली. राफिकीच्या कळपात १७ जण होते. म्होरक्या गेला की कळप फुटू शकतो, आणि बाहेरचा नर आला तर पिल्लं मारू शकतो.

हे इतकं लावून का धरायचं? कारण मोजायला फार नाहीतच. शेवटच्या पूर्ण मोजणीत जगातले सगळे डोंगरी गोरिला मिळून १०६३ भरले. आपल्याकडच्या एका मध्यम गावाची लोकसंख्या. ते राहतात दोनच ठिकाणी, ब्विंडीच्या बाजूला आणि रवांडा-काँगो-युगांडाच्या सीमेवरच्या विरुंगा ज्वालामुखींवर. प्राणिसंग्रहालयात एकही नाही. मादीला पहिलं पिल्लू दहाव्या वर्षाच्या आसपास, पुढचं चार वर्षांनी. तरीही हे वाढलेत. १९८० च्या सुमारास विरुंगात जेमतेम अडीचशे होते, तिथे आता सहाशेवर आहेत. २०१८ मध्ये त्यांना 'अतिसंकटग्रस्त' यादीतून एक पायरी खाली आणलं. बाकीच्या गोरिलांचं नशीब तेवढंही नाही. पूर्व काँगोतल्या ग्राउअर गोरिलाच्या जंगलात कोल्टन या खनिजाच्या खाणी आहेत. तुमच्या-माझ्या मोबाइलमध्ये जातो तोच कोल्टन, आणि खाणीवरचे लोक जंगलातलंच मांस खातात. पश्चिमेकडच्या गोरिलांना इबोलाने झोडपलं. नायजेरिया-कॅमेरून सीमेवरचे क्रॉस नदीकाठचे तर तीनशेसुद्धा नाहीत. तिथे फारसं कुणी ८०० डॉलर द्यायला जात नाही, आणि माझ्या मते फरक तिथेच पडलाय.

आता पैशांचा हिशेब. जन्म हिशेबात गेला, त्यामुळे हे मी तिथे असतानाच विचारून घेतलं होतं. परमिटच्या पैशातून रेंजर, ट्रॅकर, गस्त, आणि ज्या उद्यानांकडे फारसं कुणी फिरकत नाही त्यांचाही खर्च निघतो. त्यात वाद नाही. पण काठावरच्या गावांना थेट किती? दर परमिटमागे १० डॉलर, आणि उद्यानाच्या प्रवेश फीचा पाचवा हिस्सा. रवांडात परमिट १५०० डॉलरचं, गावांना उत्पन्नाचे १० टक्के. म्हणजे जंगल राखण्याची खरी किंमत जो मोजतो त्याच्या हातात सुट्टे पैसे. माझ्या पोर्टरने फास सोडला तो भाषण ऐकून नाही. बॅग उचलायला मिळाली म्हणून सोडला.

आणि बाट्वा लोकांच्या तर हाताला सुट्टेही नीट लागले नाहीत. हे त्या जंगलातच राहणारे, शिकार-मध-कंदावर जगणारे. १९९१ मध्ये उद्यान जाहीर झालं आणि त्यांना बाहेर काढलं. ना जमीन, ना पुरती भरपाई. २०२१ मध्ये तिथल्या घटनात्मक कोर्टानेही त्यांच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं. गोरिला बघून आल्यावर आता पाहुण्यांना बाट्वांचा नाच दाखवतात. मी गेलो नाही. आपल्याकडे अभयारण्यातून उठवलेली गावं कमी आहेत का, की पैसे देऊन ते बघावं?

एवढं सगळं सांगितल्यावर लोक विचारतात, मग तुम्ही परत गेलात की नाही? गेलो. पुढच्या वर्षी, नाक तपासून. तोच पोर्टर मागून घेतला. तीन तास चढ-उतार, पाय घसरला की तो मागून पाठीला हात लावायचा. मग ट्रॅकर दिसले. बॅगा, काठ्या, पोर्टर सगळे तिथेच ठेवून आम्ही आठ जण पुढे गेलो.

त्या तासाचं वर्णन मला जमत नाही. एकच सांगतो. एक मादी पाठ टेकून बसली होती आणि एक वेल सोलत होती, आपण शेवग्याची शेंग सोलतो तशी, वरचं साल दाताने ओढून. पिल्लू तिच्या पोटावर. तिच्या बोटांची नखं मला स्पष्ट दिसली. सपाट, रुंद, एका नखाखाली माती अडकलेली. माझ्या आजीची शेतातून आल्यावर तशी असायची. पिल्लाला शिंक आली तेव्हा आम्ही आठही जण मास्कवर हात धरून उभे.

बाईंनी घड्याळ दाखवलं. परत आलो तर पोर्टर झाडाखाली बॅगेवर बसून होता. मला बघून उठला आणि पहिला प्रश्न त्यानेच केला, "पिल्लू होतं का?" म्हटलं, होतं. "दोन्ही हात आहेत?" म्हटलं, आहेत. त्याने मान हलवली आणि बॅग खांद्यावर घेतली.

उतरताना मी विचारलं, तू इतकी वर्षं इथवर येतोस, तू कधी बघितलेस का?

"बघितले ना," तो म्हणाला. "माझ्या केळीत."