आखातात मराठी मंडळी सुरू करायची तर

सोलापूरहून दुबई, मस्कत, कुवेतला गेलेली पाच-सहा ख्रिस्ती घरं एकत्र जमली की विषय निघतोच, आपली मराठी उपासना सुरू करू या. पुढच्या आठवड्यात कमिटी होते, खजिनदार ठरतो, मंडळीचं नावही ठरतं. परवानगी कुणाची घ्यायची हे मात्र सगळ्यात शेवटी आठवतं, आणि गाडं नेमकं तिथेच अडतं.

ही सवय जुनी आहे. सोलापुरातल्या बऱ्याच मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या आणि ते मिशन काँग्रिगेशनल परंपरेचं. त्या परंपरेत मंडळी आपले निर्णय आपणच घेते. पुढे १९२४ मध्ये अशा मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट, डिसायपल्स या सगळ्यांसह चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सी.एन.आय., स्थापन झालं. सी.एन.आय. अँग्लिकन कम्युनियनचा, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन चर्चच्या परिवाराचा, सभासद आहे. त्यामुळे पणजोबांनी आयुष्यात बिशप पाहिला नसला, तरी त्यांच्या पणतूला परदेशात अँग्लिकन चर्चचं दार उघडं असतं. पण तिथली शिस्त वेगळी. आधी बिशप, मग पाळक, मग मंडळी.

सायप्रस अँड द गल्फ हा डायोसिस, म्हणजे एका बिशपाच्या देखरेखीखालचा प्रांत, १९७६ पासून आहे. निकोसियाचं सेंट पॉल आणि बहरीनमधलं सेंट ख्रिस्तोफर ही त्याची दोन कॅथेड्रल. दुबईचं होली ट्रिनिटी, अबू धाबीचं सेंट अँड्र्यूज, शारजाचं सेंट मार्टिन्स, कुवेतमध्ये अहमदीचं सेंट पॉल्स, दोहाचं चर्च ऑफ द एपिफनी ही याच डायोसिसची. ओमानमध्ये अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड मिळून प्रोटेस्टंट चर्च चालवतात. सौदीत चर्चला परवानगीच नाही, तेव्हा हा लेख तिथल्यांसाठी नाही.

स्वतंत्र चर्च काढायच्या भानगडीत पडूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आहे त्या चर्चच्या आत भाषिक मंडळी म्हणून सुरुवात करा. जागा, सरकारी परवाना, बँक खातं सगळं त्यांचं असतं आणि तुम्ही त्यांच्या छत्राखाली येता. घरात जमून उपासना चालवली की शेजाऱ्याची पार्किंगवरून एक तक्रार पुरते. अमिरातीत वर्गणीचाही कायदा कडक आहे. २०२१ च्या कायद्याने परवान्याशिवाय देणग्या गोळा करणं गुन्हा ठरतं. त्यामुळे 'गावाकडच्या चर्चच्या छपरासाठी' म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पैसे मागणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं. दानार्पण चर्चच्याच पेटीत पडू द्या, दोघांनी मिळून मोजा, सही करून ऑफिसात द्या. पत्रकं वाटणं, इतर धर्मीयांना बोलावणं, उपासनेचं फेसबुक लाइव्ह, हे तिन्ही बंद.

चॅप्लेनला, म्हणजे तिथल्या चर्चच्या पाळकाला, भेटायला जाताना हातात कागद हवेत. प्रत्येक कुटुंबाचं गावाकडच्या पाळकांचं सभासदत्वाचं पत्र, बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखले, आणि किती जण नियमित येतील याचा खरा आकडा. दाखल्यावर घरचं नाव आणि पासपोर्टवर भलतंच, हा घोळ आपल्याकडे फार. तो निघण्यापूर्वी सोलापुरातच मिटवून घ्यावा, तिकडून निस्तरताना नाकी नऊ येतात.

मराठी पाळक नसेल तर काय, हा प्रश्न येतोच. प्रार्थना, वाचन, भजन आणि परवानगी असेल तर संदेश, एवढं सभासद चालवू शकतात. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस देण्याचा विधी, मात्र दीक्षित पाळकाशिवाय नाही. सुट्टीवर आलेले सोलापूरचे पाळकसुद्धा आले आणि उभे राहिले असं चालत नाही. त्यांच्या बिशपांचं पत्र आणि तिथल्या बिशपांची परवानगी लागते. पहिलं वर्ष तिथला इंग्रजी बोलणारा चॅप्लेनच प्रभुभोजन देईल असं धरून चाला. त्यासाठी डाव्या पानावर मराठी आणि उजव्यावर इंग्रजी असा विधी छापा, ओळीसमोर ओळ. ओळी मागेपुढे झाल्या की मंडळी 'आमेन' भलतीकडेच म्हणते.

द्राक्षारसाचं जरा सविस्तर सांगतो. गावाकडे काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून, गाळून रस करतात आणि छोट्या पेल्यांतून देतात. अँग्लिकन चर्चमध्ये बहुधा सगळ्यांना एकच प्याला आणि भाकरीऐवजी वेफर, म्हणजे पातळ चकत्या. कुवेत आणि शारजात दारूबंदी आहे, म्हणून बॅगेतून काहीही नेऊ नका. तिथलं चर्च जे वापरतं तेच वापरा. साठ माणसांना, एका घोटाला पाच-सहा मिली धरून, साडेतीनशे मिली पुरतं. नवखा माणूस हमखास जास्त ओततो. मग पंचाईत होते, कारण आशीर्वादित केलेला रस बाटलीत परत ओतायचा नसतो, तिथेच पिऊन संपवावा लागतो. वेफर माणसं मोजूनच ठेवा, कमी पडले तर मोडून देता येतात.

वेळ बहुतेक दीड तासाचा मिळतो आणि बाहेर पुढची मंडळी उभी असते. भजन दहा मिनिटं, पापांगीकार पाच, वाचनं दहा, संदेश वीस, मध्यस्थीच्या प्रार्थना दहा, प्रभुभोजन वीस, सूचना पाच. झाली ऐंशी मिनिटं. उरलेल्या दहा मिनिटांत खुर्च्या लावायच्या आणि तबला आवरायचा. वेळ खातात त्या साक्षी आणि वाढदिवस. ते चहाच्या वेळी घ्या, रमजानमध्ये चहाही उघड्यावर नको. एसीच्या थेट झोतात तबला ठेवला की पुडी ताणून सूर चढतो, म्हणून अर्धा तास आधी खोलीत आणून ठेवा आणि मगच लावा. कवी ना. वा. टिळकांची भजनं मात्र सोडू नका, लोक त्यासाठीच येतात.

वार कोणता, हे देशावर ठरतं. कुवेत, कतार, ओमान, बहरीनमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारी. तिथे शुक्रवारी जमून येत्या रविवारचेच पाठ वाचायचे. अमिरातीत जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी झाली, पण साइटवरच्या बऱ्याच कामगारांना रविवार मिळत नाही. ऑफिसातल्यांच्या सोयीने वार ठरवला की कामगारांच्या कॅम्पमधली पोरं गळतात, आणि बहुतेक वेळा निम्मी मंडळी तीच असते.

सोलापूरकरांची आणखी एक अडचण. आपल्यातली कितीतरी घरं तेलुगू बोलतात, आणि आखातात तेलुगू मंडळ्या बहुधा मोठ्या असतात. ही घरं तिकडे गेली तर रुसू नये. नाताळची गाणी आणि कापणीचा सण एकत्र करता येतो.

मुलांचा वर्ग पहिल्याच महिन्यात सुरू करा, पण वर्गात एकमेकांच्या नात्यात नसलेली दोन मोठी माणसं हवीतच आणि दोघांची पोलीस पडताळणी झालेली हवी. आपल्याकडे 'काकाच तर आहे' म्हणून हे सोडून देतात. तिथे यावरून वर्ग बंद होतो.

व्हिसावरची माणसं दोन-तीन वर्षांत हलतात, म्हणून प्रत्येक कामाला दुसरा माणूस तयार ठेवा. बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्याच रजिस्टरमध्ये करा, कुणाच्या घरच्या वहीत नाही. वही नेणारा माणूस कॅनडाला गेला, की दहा वर्षांनी लग्नाच्या वेळी सोलापुरातले पाळक दाखला मागतात आणि तो द्यायला कुणीच उरलेलं नसतं.