आंबोलीच्या पावसात खापरखवल्याच्या शोधात

सावंतवाडी स्टेशनला उतरून तीसेक किलोमीटरवरच्या आंबोलीचा घाट चढलो, तेव्हा पावसाने नुकताच जोर धरला होता. आंबोलीला लोक धबधब्यासाठी येतात. आम्ही दोघं आलो होतो खापरखवल्या या जमिनीखाली राहणाऱ्या सापांसाठी. मुसळधार पाऊस झाला की ते वर येतात आणि रात्री रस्ता ओलांडताना चाकाखाली सापडतात.

चौकुळच्या रस्त्यावर पहिला मिळाला तो असाच, मेलेला. करंगळीएवढा जाड, काळसर, विजेरीच्या उजेडात अंगावर इंद्रधनुष्य. आमच्या घरमालक काकांनी सकाळी फोटो बघून सांगितलं, "दुतोंडी तो. पावसात भायर येता." इथे गोंधळाला सुरुवात होते. गुळगुळीत, आखूड, बोथट असं काहीही दिसलं की ते दुतोंडी ठरतं. अंगावर कडी कडी दिसली, खवले दिसलेच नाहीत, तर ते देवगांडूळ. तो साप नाही, उभयचर आहे. सुतळीएवढा बारीक आणि पाठी-पोटावर सारखेच खवले असतील तर वाळा. शेपूट तिरकी कापल्यासारखी, टोकाला खडबडीत तबकडी, तर खापरखवल्या.

आमच्या सापाला तबकडीच नव्हती. शेपूट आखूड, कडेने जराशी चपटी. मग भिंगाने हनुवटी पाहिली. मधोमध उभी खाच, स्पष्ट! खापरखवल्यांच्या सगळ्या कुळात ही खाच फक्त मेलॅनोफिडियम या प्रजातीत असते. म्हणजे तबकडी नसली तरी आमचा साप खापरखवल्याच. या भागातला मेलॅनोफिडियम बरीच वर्षं दक्षिणेतल्या 'पंक्टॅटम' या जातीचा समजला जायचा. २०१६ साली गोवर, गिरी, कॅप्टन आणि विल्किन्सन या संशोधकांनी तो वेगळा असल्याचं दाखवलं आणि कात्रजचं सर्पोद्यान उभं करणाऱ्या नीलिमकुमार खैरे यांच्यावरून 'मेलॅनोफिडियम खैरेई' असं नाव दिलं. आपल्या माणसाचं नाव या सापाला मिळालं याचा मला फार आनंद आहे.

जाणार असाल तर रंगावर विसंबू नका. ओला साप आणि सुकलेला साप यांत फार फरक दिसतो. डोकं बाजूने, शेपटीचं टोक वरून आणि बाजूने असे फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा, जागा आणि वेळ लिहून ठेवा. हनुवटी बघायची ती मेलेल्याचीच. जिवंत साप उचलू नका. हे साप बिनविषारी असले तरी कायद्याने पकडायला बंदी आहे. जंगलाच्या हद्दीत वनखात्याला विचारूनच फिरा. दगड, ओंडके उलटेपालटे करायचे नाहीत, त्याखालचा ओलावा हेच त्यांचं घर. गाडी रात्री वीसच्या वर नेऊ नका. जळवांसाठी लांब मोजे हवेतच.

दुसऱ्या रात्री एक जिवंत दिसला. रस्त्याच्या कडेला पोचल्यावर त्याने डोकं चिखलात रुतवलं, अंग एका जागी फुगवलं, मग ताणलं, पुन्हा फुगवलं. मिनिटाभरात शेपटीचं टोकही आत गेलं, आणि त्या भोकात पावसाचं पाणी भरलं.