कॅमेरा उचलायला परत जावं लागतं

शनिवार, रात्री पावणेअकरा

आज लिहिण्याच्या वर्गात बाईंनी माझा कागद मोठ्यानं वाचायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीवर थांबल्या. ओळ अशी होती, 'पंचगंगेने रौद्र रूप धारण केले आणि महापुराने शहरात थैमान घातले.' चष्मा वर करून म्हणाल्या, "हे पेपरात आलंय. ह्यात तुम्ही कुठं आहात?"

मला उत्तर देता आलं नाही. पूर आला तेव्हा मी कुठं होते हे मला चांगलं ठाऊक आहे. कंबरेएवढ्या पाण्यात उभी होते. कागदावर मात्र मी कुठंच नव्हते.

आमचा वर्ग मंडळाच्या हॉलमध्ये भरतो, गणपती बसतो तिथंच, दर शनिवारी साडेपाच ते सात. बाई शाळेत मराठी शिकवायच्या, निवृत्त झाल्यावर त्यांनी हे सुरू केलं. फी नाही, चहाचे दहा रुपये डब्यात टाकायचे. आम्ही अकराजण आहोत. एसटीतले निवृत्त कंडक्टर काका, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या दोन मुली, गुजरीत दागिने घडवणारे एक दादा, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर, अजून कोण कोण, आणि ब्लाउज शिवणारी मी. दहावीनंतर तीस-बत्तीस वर्षं मी वहीत फक्त मापं लिहिली. छाती ३६, बाही ९, पुढचा गळा ७. त्यामुळं पहिल्या दोन शनिवारी पूर्ण वाक्य लिहिताना हात अवघडायचा. आता अवघडत नाही, आणि त्याचा मला आनंद आहे.

चहाच्या वेळी काकांनी विचारलं, "वैनी, रात्री शिवण झाल्यावर काय करता, वाचता काय?" मी खरं ते सांगितलं. रात्री मी मोबाइलवर जंगलात एकटं राहणाऱ्या माणसांचे कार्यक्रम बघते. पोरी हसतील असं वाटलं होतं. त्या सरकून जवळ बसल्या. मग मी बोलतच राहिले, चहा गार झाला. माणसं दहाच वस्तू घेऊन जातात हे मी सांगत होते तेवढ्यात बाई मागून म्हणाल्या, "हाच पुढच्या शनिवारचा गृहपाठ. घर सोडावं लागलं तेव्हा तुम्ही काय काय घेतलंत ते लिहा. दहापर्यंतच. आणि जे आठवायला नको वाटतं ते गाळू नका."


रविवार, दुपार

शिवण बाजूला ठेवून बसले आहे. श्रावण तोंडावर आहे, ब्लाउजांचा ढीग पडला आहे, तरी बसले आहे.

हे कार्यक्रम बघायची सवय मला मुलानं लावली. तो शाळेत असताना 'मॅन व्हर्सेस वाइल्ड' हिंदीतून लागायचं. बेअर ग्रिल्स कड्यावरून उतरायचा, किडे खायचा, आणि पोरगा जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर ठाण मांडायचा. हा माणूस आधी ब्रिटिश सैन्याच्या राखीव दलात होता, १९९६ मध्ये पॅराशूट नीट न उघडल्यानं पाठीचे मणके मोडले, आणि १९९८ मध्ये तो एव्हरेस्ट चढला. हे कळल्यावर मीही शेजारी बसायला लागले. पुढं २००७ मध्ये त्या कार्यक्रमावर टीका झाली, की काही प्रसंग आधी ठरवून चित्रित केलेत, काही रात्री तो हॉटेलात राहिला. नंतर तशी सूचनाच पडद्यावर येऊ लागली. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आज वाटतं, त्याच्यासोबत कॅमेरा धरणारी माणसं होती हे आपल्याला दिसतच होतं, आपण ती मोजली नाहीत.

मला मनापासून आवडतो तो कॅनडाचा लेस स्ट्राउड. 'सर्व्हायव्हरमन'वाला. सात दिवस एकटा, सोबत कॅमेरावाला कुणी नाही, सगळं चित्रण स्वतःच करायचं. एका भागात तो बर्फातून लांब चालत जातो, लहान लहान होत जातो, आणि आपण बघत बसतो. मी बरेच दिवस ते नुसतं बघत होते. मग एका रात्री मशीनला तेल घालता घालता डोक्यात आलं, अरे, कॅमेरा तर इथंच राहिला. म्हणजे हा पुढं दिसेनासा झाल्यावर परत आला असणार, कॅमेरा उचलला असणार आणि तीच वाट पुन्हा चालला असणार. पोटात अन्न नाही, आणि प्रत्येक वाट तीनदा. एकदा दाखवायला, एकदा आणायला, एकदा खरोखर जायला. तो हे स्वतःही सांगतो.

हे बाईंना सांगायला हवं. पूर लिहायला बसले की मला नेमकं हेच नको होतं. चालून झालेली वाट आहे, पुन्हा कशाला जा.

दुसरा कार्यक्रम 'अलोन', २०१५ पासूनचा. दहा माणसं, प्रत्येकाला वेगळ्या जागी सोडतात, एकमेकांची गाठ पडत नाही. दिलेल्या यादीतून दहाच वस्तू निवडायच्या. बहुतेकजण पातेलं, आगकाडीसारखी ठिणगी पाडायची सळई, झोपायची पिशवी घेतात. मग कुणी कुऱ्हाड, कुणी करवत, कुणी मासे धरायची दोरी. चित्रण इथंही स्वतःच. परत यायचं असेल तर सॅटेलाइट फोनचं बटण दाबायचं. किती दिवस राहायचं ते बहुतेक वेळा कुणी सांगत नाही, बाकीचे किती उरलेत तेही कळत नाही. पहिल्या वेळी व्हँकुव्हर बेटावर पहिल्याच रात्री अस्वलं जवळ आली म्हणून एकजण परतला, आणि जिंकणारा ५६ दिवस राहिला. सातव्या वेळी उत्तर कॅनडात ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या काठी एकानं दगडांचं घर रचलं, थंडीत १०० दिवस काढले.

उपाशी माणसं बघायची मला हौस नाही. मी त्यांचे हात बघते. ओल्या लाकडाची साल सोलून आतलं कोरडं कसं काढतात, जाळीची गाठ कशी मारतात. आणि ती कॅमेऱ्याशी बोलतात ते ऐकते. सुरुवातीला सगळे मोठमोठ्या गोष्टी बोलतात, निसर्ग, हिंमत वगैरे. वीस-पंचवीस दिवसांनी बोलणं बदलतं. मुलीच्या वेणीबद्दल बोलतात. आईच्या हातच्या एखाद्या पदार्थाबद्दल बोलतात, आणि तो कसा करायचा हे पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतात. काहींना वजन फार उतरलं म्हणून डॉक्टर परत आणतात. पण धडधाकट असून, मासे वाळवून ठेवलेले असून केवळ घरच्यांच्या आठवणीनं बटण दाबणारेही मी पाहिलेत, आणि त्यांच्यासाठी दरवेळी डोळे भरून येतात.


बुधवार, पहाटे

झोप येईना म्हणून उठले. बाहेर पाऊस धरला आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट, हे बघून घेतलं. अजून इशारा पातळीच्या खाली आहे. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला ३९ आणि ४३ हे आकडे पाठच असतात, ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं.

आता लिहिते. पुन्हा खोडणार नाही.

सोमवार, ५ ऑगस्ट २०१९, नागपंचमी. आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीपासून जवळ. गणपती महिन्याभरावर आलेले, आणि कुंभारांची अख्खी घरं मूर्ती उचलण्यात गुंतलेली. पोरंटोरं, बायका, सगळ्यांच्या हातात एकेक गणपती, वर प्लास्टिकचा कागद. हे शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, सकाळी गेले ते तिकडंच अडकले, कारण पुढं हायवेवरच पाणी आलं. मुलगा पुण्यात. घरात मी आणि सासूबाई.

मंगळवारी पहाटे पाणी उंबऱ्याच्या आत आलं. फेस नाही, आवाज नाही. फरशीच्या सांध्यातून ओल वर आली आणि पायपुसणं तरंगायला लागलं. मी मशीन कॉटवर चढवलं. कुणाची तरी लग्नाची नऊवारी आणि ब्लाउजपिसं माळ्यावर टाकली. मग पिशवी भरली. रेशन कार्ड, आधारची पाकिटं, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, चार्जर, बॅटरी, एक चादर, बिस्किटांचे दोन पुडे, मापांची वही आणि माझी कात्री. वही आणि कात्री का घेतली ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. झाल्या नऊ.

तालमीची पोरं दोर बांधून गल्लीत उभी होती. त्यांनी आमचीच प्लास्टिकची खुर्ची बाहेर घेतली आणि सासूबाईंना तीत बसवलं. एकजण सारखा म्हणत होता, "आज्जी, हात सोडू नगासा, दांडा धरा." सासूबाई दांडा धरेनात. दोन्ही हात पदराखाली. मी पदर वर केला तर आत चिनी मातीचा सट, तोंडाला फडकं बांधलेलं. काल रात्री लावलेलं दही.

मी ओरडले. सगळ्या गल्लीदेखत ओरडले. "फेका ते आधी! जीव जायची वेळ आलीय आणि दही घेऊन बसलाय?" आणि त्यांच्या हातातून तो सट ओढायला गेले. त्यांनी तो पोटाशी धरला, माझ्याकडं बघितलं, आणि अगदी हळू म्हणाल्या, "अगं, उद्या दही कशानं लावशील?"

पोरांनी खुर्ची उचलली. एका पोरानं न बोलता सासूबाईंच्या कंबरेला ओढणी गुंडाळून ती खुर्चीला बांधली, म्हणजे हात मोकळे नसले तरी चालेल. मी मागून चालत होते. पाणी कंबरेला लागत होतं, पायाखाली रस्ता कळत नव्हता, आणि मी दोर धरून रडत होते. पुराला रडत होते असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगितलं. ते खरं नाही. मी ओरडले म्हणून रडत होते.

आम्हाला एका शाळेत ठेवलं होतं. शहराचे उपसा पंप पाण्याखाली गेलेले, नळाला थेंब नाही. सगळीकडं पाणी आणि प्यायला टँकरची वाट. जंगलातले लोक सांगतात, पाण्याशिवाय माणूस साधारण तीन दिवस काढतो, अन्नाशिवाय तीन आठवडे. तिथं आम्हाला भाकरी कमी पडली नाही, कुठून कुठून माणसं पिठलं-भाकरी बांधून आणत होती. दूध मात्र मिळत नव्हतं, रस्तेच बंद. सासूबाई रोज फडकं सोडायच्या, वरचं पाणी निथळून टाकायच्या, वास घ्यायच्या, पुन्हा बांधायच्या. दही आंबट होत चाललं होतं. चौथ्या दिवशी कुणीतरी लहान मुलांसाठी दूध आणलं. सगळ्या पोरांचं झाल्यावर तळाला अर्धी वाटी राहिलं, तेवढंच त्यांनी मागून घेतलं. करंगळी बुडवून बघितली, गरमपणा हवा तेवढाच आहे ना, आणि सटातलं चमचाभर त्यात ढवळलं. वर्गाच्या खिडकीत, फळ्याखाली ठेवायच्या डस्टरनं झाकून ठेवलं. सकाळी घट्ट लागलं होतं.

सोमवारी, १२ तारखेला, मुलाचा फोन आला. पंतप्रधान बेअर ग्रिल्सबरोबर जिम कॉर्बेटच्या जंगलात गेलेला भाग त्या रात्री लागणार होता. "आई, बघशील ना?" आम्ही अजून शाळेतच होतो, तिथं टीव्ही नव्हता. मी त्याला हो म्हणाले. मग फोन ठेवून सासूबाईंचे पाय चेपत बसले. माफी मागायची होती. पाय चेपले, माफी मागितली नाही. पुढं घरी आलो, चिखल काढला, भिंती खरवडल्या, मशीनचा गंज काढला, गणपतीही बसवला. विषय निघाला नाही. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या.


शनिवार, रात्र

वाचलं. बाईंनी मलाच वाचायला लावलं. 'अगं, उद्या दही कशानं' इथं आवाज बसला, सिस्टरनी पाण्याची बाटली पुढं केली, मग उरलेलं वाचलं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग कंडक्टर काकांनी विचारलं, "वैनी, ते विरजण अजून आहे?"

आहे म्हटलं. तेच आहे. मध्ये मोडू दिलेलं नाही. गावाला जाताना शेजारी देऊन जाते आणि आल्यावर त्यांच्याकडून परत आणते.

गुजरीच्या दादांनी सट कसा दिसतो ते विचारलं, आणि ते मी लिहिलंच नव्हतं. खाली पांढरा, वर तपकिरी, काठाला एक टवका उडालेला. बाई म्हणाल्या टवका लिहा, आणि त्या ओढणी बांधणाऱ्या पोराबद्दल अजून दोन ओळी लिहा, तो कोण होता ते शोधा. सुरुवातीचा परिच्छेद, तो इशारा पातळीचा, काढून टाका म्हणाल्या. तो मी काढणार नाही. आमच्याकडं पावसात सगळ्यांचं बोलणं तिथूनच सुरू होतं. बाईंनी थोडा विचार केला आणि राहू दे म्हणाल्या.

स्पर्धा परीक्षेवाल्या पोरींपैकी एकीनं चहा घेताना चमचाभर विरजण मागितलं. ती मेसवर राहते, दूध खोलीत तापवते. उद्या सकाळी डबी घेऊन येणार आहे.

आत्ता दूध कोमट झालं आहे. लावून झोपते.